ऑर्डरचा कागद

रुग्णालयांचा इतिहास आपल्याकडे लिहिला जातो तो बहुधा सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत. त्यात देणगीदारांची नावे असतात, कोनशिला बसवणाऱ्या मंत्रिमहोदयांचे छायाचित्र असते, पहिल्या मोठ्या शस्त्रक्रियेची हकिकत असते. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेली ऑर्डर सिस्टरच्या हातात कशी जाई, तिथून औषधाच्या खिडकीवर कशी येई आणि औषध होऊन पुन्हा रोग्याच्या खाटेपाशी कशी पोहोचे, हे मात्र त्यात कुठे सापडत नाही. माझे नोकरीचे सारे आयुष्य याच वाटेवर गेले. सीमाभागातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी औषधनिर्माता होतो, आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे मुलांच्या विभागात होतो. लोक कंपाउंडर म्हणत. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

आता हा कागद आपल्या जिल्ह्यांतूनही नाहीसा होऊ लागला आहे. त्याच्या जागी संगणकाचा पडदा येतो आहे. जिथे हा बदल आपल्या आधी वीस-पंचवीस वर्षे घडला, आणि तोही मुलांच्या रुग्णालयात घडला, तिथली हकिकत आपल्या लोकांना ठाऊक असावी असे मला फार दिवस वाटत होते. वैद्यकीय मासिकांत तिच्यावर बरेच लिहिले गेले आहे. मराठीत ती माझ्या वाचनात कुठे आली नाही, म्हणून हा लेख.

हकिकत अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराची आहे. पण ती समजायची तर आधी मुलांच्या औषधाचे गणित समजून घ्यावे लागेल.

मुलांच्या औषधाचे गणित

मोठ्या माणसाला ताप आला तर ५०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. माणूस पन्नास किलोचा असो की ऐंशीचा, गोळी तीच. मुलांच्या विभागात असे चालत नाही. तिथे एका बाजूला ९०० ग्रॅमचे, दिवस पुरे होण्याआधीच जन्मलेले बाळ असते आणि दुसऱ्या बाजूला ४० किलोचा नववीतला मुलगा. वजनात चाळीस पटींहून अधिक अंतर. म्हणून प्रत्येक औषध किलोमागे इतके मिलिग्रॅम या हिशेबाने काढायचे. मग तो डोस दिवसाचा की एका वेळचा हे पाहायचे, बाटलीत एका मिलिलिटरमध्ये औषध किती आहे ते पाहायचे, आणि त्यावरून किती मिलिलिटर भरायचे ते ठरवायचे. चार-पाच पायऱ्यांचा हा हिशेब पुष्कळदा रात्री तीन वाजता, दोन रात्रींचे जागरण झालेल्या निवासी डॉक्टरांना करावा लागतो.

दशांशचिन्ह एक घर सरकले की डोस दसपट होतो. मोठ्या माणसाला दसपट डोस द्यायचा झाला तर दहा इंजेक्शने फोडावी लागतात, आणि तिसरे फोडतानाच सिस्टरला शंका येते. तान्ह्या बाळाचा दसपट डोस मात्र पुष्कळदा एकाच लहानशा कुपीत मावतो. तिथे कोणाचा हात अडत नाही. मुलांच्या औषधातला खरा धोका हा आहे.

अमेरिकेत यात पौंडाची भर पडते. घरच्या काट्यावर मूल पौंडात मोजलेले आणि औषध किलोवर काढायचे, त्यामुळे आकडा तसाच उतरला तर डोस दुपटीहून अधिक होतो. आपल्याकडे पौंड नाहीत, पण तीन लिप्यांचे आकडे आहेत. मराठी शाळेत शिकलेल्या बापाने चिठोऱ्यावर लिहून आणलेला मराठी एक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो. म्हणून आमच्या जुन्या सिस्टर चिठोऱ्यावर विसंबत नसत. "किती किलो? एष्टु?" असे दोन्ही भाषांत विचारीत आणि वर मूल स्वतः काट्यावर ठेवीत.

या गणितासाठी डॉक्टरांनी युक्त्याही काढल्या होत्या. रक्तदाब सावरणाऱ्या डोपामिनसारख्या औषधाच्या ठिबकीसाठी 'सहाचा नियम' होता. मुलाच्या वजनाला सहाने गुणायचे, तितके मिलिग्रॅम औषध १०० मिलिलिटर सलाईनमध्ये घालायचे. मग तासाला जितके मिलिलिटर सोडाल, तितके मायक्रोग्रॅम औषध मिनिटाला दर किलोमागे त्या मुलाच्या अंगात जाते. कागदावर दोन ओळींत हिशेब होई. त्याची वाईट बाजू अशी, की प्रत्येक मुलाची बाटली वेगळी. शेजारच्या खाटेची बाटली चुकून या खाटेला लागली तर अनर्थ.

तेव्हा कागदाची पद्धत निर्दोष होती, असे मी मुळीच म्हणणार नाही. केसपेपरवरची ऑर्डर सिस्टर वहीत उतरवून घेई, त्यावरून इंडेंट लिही, मामा ते खिडकीवर आणून देत, आणि मी ते वाची. प्रत्येक उतरवण्यात चुकायला वाव होता. डॉक्टरांचे अक्षर हा तर विनोदाचाच विषय. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असे आपल्या वैद्यक परिषदेला २०१६ साली नियमात घालावे लागले, यावरून काय ते समजावे. पण त्याच वाटेवर चार माणसे ती ऑर्डर वाचीत, आणि चौघांपैकी एकाला तरी शंका आली तर तो उठून विचारी. कागदाचे हे दोन्ही गुण लक्षात ठेवूनच पुढची हकिकत वाचावी.

यंत्रावरची आशा

डॉक्टरांनी कागदाऐवजी थेट संगणकात ऑर्डर घालावी, ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू या गावच्या एल कॅमिनो रुग्णालयात अशी व्यवस्था बसली. तिची आखणी विमाने आणि क्षेपणास्त्रे बांधणाऱ्या लॉकहीड कंपनीत झाली होती, आणि पुढे टेक्निकॉन कंपनीने ती विकत घेतली. डॉक्टर पडद्यावरच्या यादीला प्रकाशाच्या लेखणीने स्पर्श करीत आणि ऑर्डर औषधशाळेकडे जाई. बऱ्याच डॉक्टरांना ती आरंभी आवडली नव्हती, तरी ती टिकली.

खरा जोर आला तो १९९० च्या दशकात. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात डॉ. डेव्हिड बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावरच्या ऑर्डरचा अभ्यास केला. औषधांच्या ज्या गंभीर चुका वाटेत कोणी न अडवता रोग्यापर्यंत पोहोचत, त्या निम्म्याहून कमी झाल्याचे त्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केले. घट ५५ टक्के होती. पाठोपाठ नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'चा अहवाल आला. अमेरिकेतल्या रुग्णालयांत उपचारांतल्या चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत, असा त्यातला अंदाज होता. वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर छापला. मोठमोठ्या उद्योगसमूहांनी २००० साली 'लीपफ्रॉग' नावाचा गट काढला आणि आपल्या कामगारांना ज्या रुग्णालयांत पाठवायचे तिथे संगणकावर ऑर्डर असावी, असा आग्रह धरला.

मुलांविषयीचा पुरावा २००१ साली आला. डॉ. रेनू कौशल आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या दोन रुग्णालयांतल्या मुलांच्या १०,७७८ औषध-ऑर्डरी तपासल्या. त्यांत ६१६ चुका सापडल्या, म्हणजे शंभरात सुमारे सहा. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी होत्या, पण ज्यांतून इजा होऊ शकली असती अशा चुकांचे प्रमाण मोठ्या माणसांच्या तिप्पट होते. त्या बहुतेक ऑर्डर लिहितानाच झालेल्या, आणि सर्वांत जास्त डोसच्या. संगणकाने त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक टळू शकल्या असत्या, असे तपासणाऱ्या डॉक्टरांचे मत पडले.

आता मुलांच्या रुग्णालयाच्या चालकांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. असा पुरावा समोर असताना थांबणे हाच गुन्हा वाटला असता. यंत्र आणायची घाई हावेपोटी झाली असे मला वाटत नाही. ती मुलांच्या काळजीपोटी झाली.

पिट्सबर्ग, ऑक्टोबर २००२

पिट्सबर्ग हे पेनसिल्व्हेनिया राज्यातले पोलादाच्या कारखान्यांचे जुने शहर. याच शहरातल्या विद्यापीठात डॉ. जोनास साल्क यांनी १९५० च्या दशकात पोलिओची लस सिद्ध केली. १९८० च्या दशकात डॉ. थॉमस स्टार्झल यांच्यामुळे हे शहर यकृतरोपणाचे जगातले एक मोठे केंद्र झाले. तिथले मुलांचे रुग्णालय १८९० सालापासूनचे. तेव्हा ही कोणा अडाण्यांची किंवा निष्काळजी लोकांची गोष्ट नाही.

ऑक्टोबर २००२ मध्ये या रुग्णालयाने संगणकावरची ऑर्डर सुरू केली. सहा दिवसांत सगळ्या विभागांतून कागद उठला.

या रुग्णालयात आजूबाजूच्या लहान गावांतून अत्यवस्थ मुले येत. जुनी रीत अशी होती. गावच्या रुग्णालयाचा फोन आला की इथून पथक निघे. मुलाला घेऊन परतताना पथकातले डॉक्टर वाटेतूनच रेडिओवरून कळवीत, की वजन इतके, रक्तदाब इतका, श्वासाची नळी घातली आहे. अतिदक्षता विभागातले डॉक्टर ते ऐकता ऐकता कागदावर ऑर्डरी लिहीत. सिस्टर औषधे काढून ठेवीत, औषधशाळा ठिबकीच्या बाटल्या तयार करी. मूल दारात येई तेव्हा त्याचे औषध खाटेपाशी वाट पाहत असे.

नव्या व्यवस्थेत हे बंद झाले. मूल प्रत्यक्ष रुग्णालयात येऊन त्याची नोंदणी पूर्ण होईपर्यंत संगणकाच्या लेखी ते मूल नव्हतेच. जे मूल नाही त्याच्या नावावर ऑर्डर घालता येत नाही.

नोंदणी झाली की पुढचा भाग सुरू होई. एक ऑर्डर घालायला सरासरी दहा वेळा माऊस दाबावा लागे आणि एक ते दोन मिनिटे लागत. कागदावर तेच काम काही सेकंदांचे. अत्यवस्थ मुलाला पहिल्या घटकेत दहा ऑर्डरी लागल्या, तर दहा ते वीस मिनिटे केवळ लिहिण्यात गेली, हा हिशेब कोणालाही करता येईल. एक डॉक्टर पडद्यापाशीच अडकून पडे. अतिदक्षता विभागासाठी नेहमी लागणाऱ्या ऑर्डरींचे तयार संच आधी बनवून ठेवलेले नव्हते, म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी शोधावी लागे. संगणक बिनतारी जाळ्यावर चालत. गर्दीच्या वेळी जाळे अपुरे पडे आणि पडदा थिजून जाई.

डॉक्टरांनी घातलेली ऑर्डर सिस्टरने दुसऱ्या संगणकावर जाऊन चालू केल्याशिवाय औषधशाळेला काही करता येत नसे. म्हणजे सिस्टरही खाटेपासून दूर. त्याच सुमारास अतिदक्षता विभागातली तातडीची औषधे तिथून हलवून मध्यवर्ती औषधशाळेत नेली गेली होती. पूर्वी सिस्टर हात लांबवून जी कुपी घेत असे, ती आता ऑर्डर, नोंद, तपासणी आणि वाहतूक एवढे सगळे होऊन तिच्याकडे येऊ लागली.

आणखी एक गोष्ट तिथल्या डॉक्टरांनी नोंदवली आहे, आणि माझ्या खिडकीच्या अनुभवावरून मला ती सर्वांत मोठी वाटते. डॉक्टर आणि सिस्टर यांचे समोरासमोरचे बोलणे कमी झाले. ऑर्डर कागदावर लिहिताना डॉक्टर खाटेशी उभे असत आणि सिस्टर शेजारी असे. "हे आधी द्या, ते थांबू दे," असे दोन शब्द बोलले जात. "साहेब, सकाळपासून लघवी झालेली नाही," असे सिस्टर सांगे. हे दोन शब्द कुठल्याच केसपेपरवर नसतात, त्यामुळे यंत्र आखणाऱ्यांना ते दिसले नाहीत. ऑर्डर पडद्यावर गेली आणि हे बोलणे वाऱ्यावर गेले.

आकडे

या काळाचा हिशेब डिसेंबर २००५ मध्ये 'पिडिऍट्रिक्स' या अमेरिकन मासिकात छापला गेला. पहिले लेखक डॉ. योंग हान. दुसऱ्या रुग्णालयांतून हलवून आणलेल्या मुलांपुरता हा अभ्यास होता. बदलाआधीचे तेरा महिने आणि बदलानंतरचे पाच महिने, मिळून १,९४२ मुले. बदलाआधी १,३९४ मुलांपैकी ३९ दगावली, म्हणजे शेकडा २.८०. बदलानंतर ५४८ मुलांपैकी ३६ दगावली, म्हणजे शेकडा ६.५७. मुलांच्या आजाराची तीव्रता वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही मृत्यूची शक्यता तिपटीहून अधिक निघाली.

गंमत म्हणावी तर याच रुग्णालयातून त्याच वर्षी दुसरा एक निबंध प्रसिद्ध झाला होता. ऑर्डर उतरवून घेण्यातल्या चुका नव्या व्यवस्थेत संपल्या आणि औषधामुळे होणाऱ्या इजा कमी झाल्या, असे त्यात होते. वाचणाऱ्याला वाटेल की दोघांपैकी कोणीतरी खोटे बोलत असावे. मला तसे वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. औषध बरोबर होते, डोस बरोबर होता, अक्षर स्वच्छ होते. फक्त ते उशिरा आले. साध्या आजारात अर्ध्या तासाने फारसे बिघडत नाही. रक्तदाब कोसळलेल्या मुलाला तो अर्धा तास नसतो. चुका मोजणाऱ्यांच्या तक्त्यात 'उशीर' असा रकाना नव्हता.

या निबंधावर पुष्कळ वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. आक्षेप घेणाऱ्यांनी दाखवून दिले, की नंतरचे पाच महिने मुख्यतः हिवाळ्याचे होते, आणि तिकडे हिवाळ्यात मुलांचे श्वासाचे आजार वाढतात. औषधे मध्यवर्ती ठिकाणी हलवणे हा रुग्णालयाचा निर्णय होता, त्याचे खापर संगणकावर कसे फोडायचे? केवळ आधीची आणि नंतरची तुलना करून कारण सिद्ध होत नाही. हे सगळे आक्षेप वजनदार आहेत. निबंधाच्या लेखकांनीही यंत्र फेकून द्या असे म्हटले नव्हते; अशा बदलात मृत्यूवरही लक्ष ठेवा, एवढेच त्यांचे सांगणे होते.

पण मला या प्रकरणात सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच वाटते. आपल्याच रुग्णालयातल्या मुलांचे मृत्यू मोजून, आपल्या नावानिशी, साऱ्या जगापुढे मांडणारे डॉक्टर तिथे होते. संस्थेची बदनामी होईल म्हणून तो कागद कोणी कपाटात ठेवला नाही. तो छापला गेला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

सिऍटल आणि पालो आल्टो

सिऍटलच्या मुलांच्या रुग्णालयात नोव्हेंबर २००३ मध्ये हाच बदल झाला. व्यवस्था पुरवणारी कंपनी तीच. इथे अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी आपल्याला लागणाऱ्या ऑर्डरींचे संच बदलाच्या आधीच तयार करून ठेवले होते. तेरा महिने आधीचे आणि तेरा महिने नंतरचे आकडे त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. अतिदक्षता विभागातले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४.२२ वरून ३.४६ वर आले होते. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता, पण वाढ झाली नव्हती हे नक्की.

तिसरे रुग्णालय कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथील, स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ल्युसिल पॅकार्ड मुलांचे रुग्णालय. तिथे नोव्हेंबर २००७ मध्ये बदल झाला. म्हणजे पिट्सबर्गचा निबंध छापून झाल्यानंतर, त्यातल्या गोष्टी सगळ्यांना माहीत असताना. २०१० साली त्यांनी कळवले, की महिन्याचे सरासरी मृत्यूप्रमाण २० टक्क्यांनी घटले. दीड वर्षात सुमारे ३६ मुले कमी दगावली. त्याच काळात तिथे इतरही सुधारणा झाल्या होत्या, त्यामुळे सगळे श्रेय यंत्राला देता येणार नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

पिट्सबर्गमध्ये बदलानंतर ३६ मुले दगावली, आणि पालो आल्टोत ३६ वाचली असा अंदाज निघाला. आकडा योगायोगाने एकच आहे, त्यातून कुठला सिद्धांत निघत नाही. पण हे दोन आकडे शेजारी लिहिले की मला थोडा वेळ पुढचे वाचवत नाही.

मधल्या काळात इतरत्रही ठेचा लागल्या. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी बंड पुकारले आणि २००३ च्या आरंभी तिथली नवी व्यवस्था थांबवावी लागली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात संगणकाच्या ऑर्डरमुळे चुकांना वाव मिळण्याचे २२ प्रकार रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली नोंदवले. पुढे २००९ साली अमेरिकन सरकारने कायदा करून रुग्णालयांना यासाठी पैसे देऊ केले, आणि तिथला कागद बहुतांशी संपला.

एकाच कंपनीची व्यवस्था, एकाच प्रकारची रुग्णालये, आणि तीन ठिकाणी तीन निकाल. मी यातून इतकेच समजलो, की प्रश्न यंत्र चांगले की वाईट हा नव्हता. कागद काय काय काम करीत होता, हे कागद उचलण्याआधी कोणी नीट पाहिले होते का, हा होता. कागद ऑर्डर वाहून नेई, ते सगळ्यांना दिसे. तो मुलाच्या आधी पोहोचे, तो दोन माणसांना बोलायला लावी, आणि नियम मोडून तातडीला वाट करून देई. ही कामे त्याच्यावर कोणी लिहून ठेवलेली नव्हती.

आपल्या दारात

आता आपल्याकडे पाहू. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-हॉस्पिटल' ही व्यवस्था अनेक सरकारी रुग्णालयांत आली आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. खासगी रुग्णालयांत तर बिलाच्या निमित्ताने संगणक त्याच्या किती तरी आधी शिरला. बहुतेक ठिकाणी क्रम असा असतो, की आधी नोंदणी, मग बिल, मग औषधसाठा आणि शेवटी डॉक्टरांची ऑर्डर.

माझ्या निवृत्तीआधीच्या वर्षांत आमच्याकडे साठ्याचा संगणक बसला. नोंदणी क्रमांक घातल्याशिवाय औषध खिडकीतून बाहेर जाऊ नये, असा आदेश निघाला. एका रात्री आडगावातून झटके येणारे मूल जीपमधून आले. नोंदणीच्या खिडकीपाशी रांग होती. सिस्टर धावत आल्या आणि म्हणाल्या, "काका, नंबर मागाहून देते, आधी अँप्युल द्या." मी दिले. जुन्या वहीत लिहून घेतले आणि सही घेतली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. मी त्यात एवढेच लिहिले, की मूल आले होते, नंबर आला नव्हता.

त्या वेळी मला पिट्सबर्ग ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर माझ्या भाचीने, ती औषधशास्त्र शिकवते, हे निबंध मला वाचायला दिले आणि 'नोंदणी पूर्ण होईपर्यंत' हे शब्द मी दोनदा वाचले. सात समुद्रांपलीकडे, आमच्या कितीतरी पट पैसा असलेल्या रुग्णालयात अडचण तीच होती.

आपल्या दोन-भाषी जिल्ह्यांत आणखी एक गाठ आहे, जी पिट्सबर्गला नव्हती. संगणकात नाव इंग्रजीत घालतात. यल्लाप्पा हे नाव एक कारकून 'वाय'पुढे 'ए' लावून लिहितो, दुसरा 'ई' लावून. एक 'पाटील' लिहितो, दुसरा कन्नड उच्चाराने 'पाटीला'. त्यामुळे एकाच मुलाच्या दोन फायली होतात. एकीत पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते आणि दुसरी कोरी. उलट एकाच गावचे एकाच नावाचे दोन मुलगे एका फाइलीत जातात. कागदाच्या काळी सिस्टर विचारीत, "चंदगडचा यल्लाप्पा की खानापूरचा? बाप गवंडी आहे तो ना?" हे यंत्राला शिकवावे लागते, म्हणजे नावासोबत आईचे नाव, गाव आणि जन्मतारीख दर वेळी विचारावी लागते. आपल्या मुलांची नावे आणि जन्मतारखा सगळ्या कागदांवर एकसारख्या ठेवणे, एवढे तर घरोघरी करता येईल.

आपल्या वाचकांपैकी कोणी रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. पुष्कळांची मुले पुण्या-बंगळुरात अशाच व्यवस्था लिहिण्याचे काम करतात. त्यांच्यासाठी या हकिकतीतून निघणारे प्रश्न सरळ आहेत. मूल वाटेत असताना त्याच्या नावाने ऑर्डर घालता येते का? तातडीची औषधे खाटेपासून किती पावलांवर आहेत, आणि नंबर नसताना ती काढता येतात का? मुलांच्या विभागाचे ऑर्डरसंच त्याच विभागातल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरनी बसून तयार केले आहेत का, की मोठ्या माणसांचेच पुढे ढकलले आहेत? वजन किलोमध्ये आणि त्याच दिवशीचे घातल्याशिवाय डोस निघू नये, अशी सोय आहे का? वीज गेली किंवा जाळे बसले तर कोऱ्या ऑर्डरपत्रांचा गठ्ठा कुठे ठेवला आहे, हे रात्रपाळीच्या नव्या सिस्टरला माहीत आहे का? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला धैर्य लागते: बदल झाल्यावर किती मुले दगावली, हे कोण मोजणार आहे, आणि मोजून कोणाला सांगणार आहे?

यंत्र येणार, आणि यावेही. दशांशचिन्ह सरकले तर लाल अक्षरांत थांबवणारा पडदा माझ्या तरुणपणी असता, तर कित्येक रात्री आम्ही सगळेच अधिक निश्चिंत झोपलो असतो. सहाच्या नियमाचे गणित यंत्राने करावे, अक्षर यंत्राने लिहावे, उतरवून घेण्याची कटकट संपावी. ते बसवण्याआधी मात्र आखणी करणाऱ्यांनी एक रात्र मुलांच्या विभागात काढावी. मामा, सिस्टर, डॉक्टर आणि औषधाच्या खिडकीत बसलेला माणूस एकमेकांशी काय बोलतात, ते ऐकावे. त्या बोलण्याला पडद्यावर जागा मिळत नसेल, तर ती पडद्याबाहेर राखून ठेवावी.